सुगडाचा हिशेब

लग्न होऊन ठाण्याला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी अकोल्याहून कूलर आणवला होता. पत्र्याचा, राखाडी रंगाचा, लोखंडी स्टँडसकट, जुन्या सतरंजीत गुंडाळून ट्रान्सपोर्टच्या गाडीतून. समोरच्या काकूंनी दारातून डोकावून विचारलं, "कणगी आहे का ही?" मला हसू आलं. वऱ्हाडात ज्याच्या जिवावर आख्खा मे महिना निघतो ते यंत्र या लोकांना ओळखूही येऊ नये!

पंधरा दिवसांत हसू मावळलं. गाद्या दमट झाल्या, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, पापड वातड, कपाटाला कुबट वास. अंगावरचा घाम आधी निदान थोडाफार वाळायचा, तो आता मुळीच वाळेना. नवऱ्याच्या पाठीवर घामोळं आलं. जून लागायच्या आत कूलर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला.

आता चुका कोण करत नाही? पण मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती, तीही अधोरेखित करून. बाष्पीभवनाने थंडावा येतो हे मला आठवीपासून माहीत होतं. आणि हीच बाई खाडीकाठच्या दमट गावात कूलर चढवते. मी जे शिकले होते ते कुठे होतं? वहीत होतं. घरात नव्हतं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे गेल्या मे महिन्यात दहा दिवस अकोल्याला ताईकडे होते. भाची नववी पास होऊन दहावीत गेली होती आणि क्लासच्या व्हेकेशन बॅचने तिला एप्रिलपासूनच जुंपली होती. ताई म्हणाली, "तू आहेस तोवर तिचं बेसिक तेवढं बघून घे गं. पाया कच्चा राहिलाय." आपल्याकडे प्रत्येक मुलाचा पाया कच्चाच असतो. माझाही होता, मला आईने तेच सांगितलं होतं.

दुपारी अडीचच्या सुमाराला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खोलीत कूलरची घरघर, खिडकी एक फळी उघडी, आई दिवाणावर पडलेली, आणि आम्ही दोघी फरशीवर नववीचं विज्ञानाचं पुस्तक पसरून. गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, द्रव्याचे मोजमाप. दहावीच्या पुस्तकात याच्यावरच पुढचे मजले चढतात, गुरुत्वाकर्षण पहिल्याच धड्यात आणि उष्णता पाचव्या. भाचीला व्याख्या पाठ होत्या. नुसत्या पाठ नाहीत, स्वल्पविरामासकट पाठ. मी विचारलं, "कार्य म्हणजे काय?" तिने एका दमात सांगितलं. बल लावून वस्तूचं विस्थापन झालं की कार्य झालं.

दिवाणावरून आई म्हणाली, "कार्य म्हंजे लग्नाचं."

भाची खळखळून हसली, पण मला तिथेच काहीतरी लागलं. आईचं बरोबरच होतं की. आपण म्हणतो, घरात कार्य आहे. सत्कार्य, समाजकार्य, कार्यबाहुल्य. मग एक दिवस शाळेत सांगतात की अकोला स्टेशनवर डोक्यावर दोन बॅगा घेऊन गाडीची वाट बघत उभा असलेला हमाल काहीच कार्य करत नाही. शून्य ज्यूल. हे उदाहरण शिक्षक मोठ्या चवीने सांगतात आणि वर्ग हसतो. मला ते कधीच आवडलेलं नाही. त्या हमालाची मान दुखते, घाम गळतो, आणि तुम्ही म्हणता शून्य. खरं सांगायचं तर बॅगांवर शून्य. त्याच्या स्नायूंमधले बारीक तंतू तेवढा वेळ आखडत-सुटत असतात, त्यांना ऊर्जा लागते, तिची उष्णता होते. बॅगा एवढ्याच उंचीवरच्या फळीवर ठेवल्या असत्या तर फळी दमली नसती. हे दुसरं वाक्य सांगितलं नाही की मुलांना वाटतं, विज्ञान म्हणजे डोळ्यांदेखतचं खोटं ठरवायचा खेळ.

आपल्या भाषेची गंमत अशी की भौतिकशास्त्राला लागणारे जवळजवळ सगळे शब्द घरात आधीपासून कामाला लागलेले आहेत. 'माझ्यात शक्ती नाही उरली' म्हणतो तेव्हा आपल्याला ऊर्जा म्हणायचं असतं. 'जोर लाव' म्हणजे बल. देवी शक्ती, तर पुस्तकातली शक्ती म्हणजे एका सेकंदात किती कार्य झालं तो दर, वॅटमध्ये. एखाद्याचं ऑफिसात वजन असतं, आणि ते न्यूटनमध्ये मोजता येत नाही. उलट वस्तुमान, म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते, हा शब्द घरी कुणीच वापरत नाही, त्यामुळे त्याचा अर्थही घरी येत नाही. भाचीला विचारलं, तुझं वजन किती? "सत्तेचाळीस किलो." मग परीक्षेत? "वजनाचं एकक न्यूटन." म्हणजे दोन्ही माहीत, आणि दोन्हींची एकमेकांशी ओळख नाही.

यावर उपाय सोपा निघाला. भाजीबाजारात जुनी दोन पारड्यांची तागडी अजून कुठेकुठे दिसते, आणि रद्दीवाल्याकडे तानकाटा असतो. तागडी चंद्रावर नेली तरी एका पारड्यातल्या किलोभर वांग्यांना दुसऱ्या पारड्यात किलोचंच माप लागेल, कारण दोन्ही बाजू सारख्याच हलक्या होतात. तानकाट्याची स्प्रिंग मात्र तिथे साधारण सहावा हिस्साच ताणली जाईल. तागडी वस्तुमानांची तुलना करते, तानकाटा वजन, म्हणजे पृथ्वीची ओढ, मोजतो आणि तोंडाने किलो म्हणतो. "म्हणजे रद्दीवाला खोटं बोलतो?" नाही, तो गृहीत धरतो. पृथ्वी सगळीकडे सारखीच ओढते असं. तसं ती ओढत नाही, विषुववृत्तावर किलोमागे ९.७८ न्यूटन तर ध्रुवाशी ९.८३, पण रद्दीच्या भावात तेवढं चालतं.

चाल आणि वेग यांचं तर मी दोन मिनिटांत उरकलं. अकोटची एस.टी. सकाळी गेली आणि संध्याकाळी परत स्टँडवर आली, विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य, चाल मात्र शून्य नाही. झालं.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी, प्रत्येक क्रियाबलाला तेवढंच उलट दिशेचं प्रतिक्रियाबल, मात्र मी स्वतःच अडखळले. प्रश्न जुनाच: टेबलावर पुस्तक ठेवलंय, क्रियाबल कोणतं, प्रतिक्रियाबल कोणतं? भाचीने लिहिलं, पुस्तकाचं वजन ही क्रिया, टेबल वर ढकलतं ती प्रतिक्रिया. मी बरोबरची खूण करायला पेन टेकवलं आणि थांबले. मीही आयुष्यभर हेच लिहीत आले होते. पण तिसऱ्या नियमातली दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. इथे दोन्ही पुस्तकावरच लागतायत. मग पुस्तक तळहातावर ठेवलं आणि हात झटकन खाली घेतला. क्षणभर हाताचं ढकलणं संपलं, पण पृथ्वीचं ओढणं कुठे संपलं? पुस्तक पडलंच. जोडी असती तर एक गेल्यावर दुसरं कसं राहिलं असतं? खरी जोडी अशी: पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, पुस्तक टेबलाला खाली दाबतं. भाची बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "एवढंसं पुस्तक आख्ख्या पृथ्वीला ओढतं?" तेवढ्याच बळाने. पृथ्वी हललेली कळत नाही, कारण तिचं वस्तुमान अफाट आहे, तो दुसऱ्या नियमाचा भाग. त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही. एवढं पुरे होतं.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी उष्णता काढली. धडा दहावीचा, पण क्लासने आधीच एकदा फिरवला होता. अप्रकट उष्मा. हा शब्द मला फार आवडतो, इंग्रजीतल्यापेक्षाही. उष्णता आत जातेय, पण थर्मामीटरवर दिसत नाही, प्रकट होत नाही. बर्फ वितळत असताना पारा शून्यावर बसून राहतो, पाणी उकळत असताना शंभरावर. ग्रॅमभर बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी, ग्रॅमभर उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४०. भाचीला हे आकडे तोंडपाठ. "मग उष्णता आणि तापमान यात फरक काय?" "उष्णता ज्यूलमध्ये, तापमान अंश सेल्सिअसमध्ये." म्हणजे नुसता एककांचा फरक!

तिची चूक काढायला मन होईना. हा गोंधळ पंडितांचाही होता. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पारा चढला म्हणजे उष्णता वाढली, यापलीकडे बहुतेकांनी विचार केला नव्हता. ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचा वैद्यकाचा आणि रसायनाचा प्राध्यापक होता, त्याने १७६०च्या आसपास या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्याचं एक म्हणणं तर आजीबाईच्या शहाणपणासारखं आहे. बर्फाला वितळायला नुसता शून्याच्या वर पारा चढणं पुरेसं असतं, तर हिवाळा संपताना डोंगरावरचं सगळं बर्फ एकाच दिवसात पाणी होऊन गावंच्या गावं वाहून गेली असती. तसं होत नाही, बर्फ आठवडेच्या आठवडे वितळत राहतं. म्हणजे ते कुठूनतरी पुष्कळ उष्णता गुपचूप पीत असणार. विज्ञानातला मोठा शोध म्हणावा तर हा, आणि सुरुवात चिखलाच्या रस्त्यावरून.

मी हे रंगवून सांगत होते. आई कूस बदलून म्हणाली, "पुस्तकात काऊन पाहून रायल्या? माठाले हात लावून पाह्य नं."

माठाला हात लावला. बाहेरून ओलसर, गार. पण मोजायचं कसं? माठ भरून ओट्यावर असतो, उचलवत नाही. मग भाचीलाच आठवलं की देवघराच्या खालच्या कप्प्यात संक्रांतीची सुगडं आहेत. पाच होती, एक फुटकं. एक लाल मातीचं, काळं न केलेलं, निवडलं. ताईच्या स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा होता, आणि मी ठाण्याहून येताना लॅबमधला लाल अल्कोहोलचा थर्मामीटर आणला होता, ११० अंशांपर्यंतचा. (तापाचा थर्मामीटर याला चालत नाही, तो ३५च्या खाली आणि ४२च्या वर जातच नाही. पहिल्या दिवशी भाचीने तोच आणून दिला होता.)

सुगड रात्रभर पाण्यात भिजत घातलं, मुरावं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता टाकीच्या नळाचं पाणी घेतलं. अकोल्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे अंघोळीचं आयतं ऊन पाणी. ३८ अंश. सुगडात ३०० ग्रॅम, शेजारी स्टीलच्या पेल्यात ३०० ग्रॅम. दोन्ही मागच्या पडवीत, सावलीत, कूलरच्या वाऱ्यापासून लांब. पडवीतली हवा ४१. सुगडाखाली जाळी ठेवली, म्हणजे बुडालाही हवा लागावी. काट्यावर दोन्हींची वजनं करून भाचीने वहीत लिहिली, आणि मी तिला मुद्दाम सांगितलं, वजन नाही, वस्तुमान लिही. तिने जीभ चावली.

चार तास आम्ही थांबलो. खरं तर मी झोपले, ती दर अर्ध्या तासाला जाऊन बघून येत होती. चारला मला हलवून उठवलं. स्टीलचा पेला: ४ ग्रॅम कमी, तापमान ३९. म्हणजे पाणी उलट एक अंश तापलं होतं. सुगड: ३१ ग्रॅम कमी, तापमान २७.

एकतीस ग्रॅम! ती ओरडली, जणू तिने ते स्वतः प्यायलं होतं. मग हिशेबाला बसली. ३०० ग्रॅम पाणी ३८ वरून २७ पर्यंत उतरलं, म्हणजे ११ अंश. ग्रॅमभर पाण्याला अंशामागे एक कॅलरी, तेव्हा तीनशे गुणिले अकरा, ३,३०० कॅलरी पाण्यातून गेल्या. मडक्याच्या मातीच्या थोड्या, त्या सोडून देऊ. दुसऱ्या बाजूला ३१ ग्रॅम पाण्याची वाफ, गुणिले ५४०, म्हणजे १६,७४०.

"जुळत नाही."

तिचा चेहरा पडला. तिने गुणाकार पुन्हा केला, मग वजन पुन्हा केलं, मग माझ्याकडे संशयाने बघितलं. शाळेतल्या गणितात दिलेली उष्णता आणि घेतलेली उष्णता सारखी येते, नाही आली तर उत्तर चुकलेलं असतं. इथे पाचपट फरक. आणि खरं म्हणजे फरक त्याहूनही जास्त, कारण ५४० हा आकडा शंभर अंशांवरचा. साध्या तापमानाला उडणारं पाणी ग्रॅममागे ५८०च्या आसपास घेतं. हे सांगितल्यावर ती वैतागलीच. "म्हणजे आणखी बिघडलं!"

मला उत्तर माहीत होतं, पण तोंडाशी आलेलं गिळलं. शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच असावी. ती पडवीत जाऊन सुगडासमोर उकिडवी बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ताई चहा ठेवून गेली. मग ती आतूनच कुणाशी तरी बोलावं तशी म्हणाली, "हवा ४१ आहे. पेला तापला. म्हणजे हवा पेल्याला उष्णता देत होती." थांबली. "मग सुगडालापण देत असेल."

बस. तिथून पुढे तिचं तिलाच दिसत गेलं. सुगड चार तास नुसतं थंड होत बसलं नव्हतं. ४१ अंशांची पडवी सगळ्या बाजूंनी त्याच्यात उष्णता ओतत होती, आणि ते ती उष्णता वाफेवर घालून बाहेर पाठवत होतं. सोळा-सतरा हजार कॅलरी खर्चल्या, त्यातल्या तीन हजार तीनशे पाणी गार करायला, बाकीच्या पडवीशी भांडायला. सुगड जितकं गार होतं, तितकी हवेतली उष्णता जास्त जोराने आत शिरते. शेवटी आवक-जावक सारखी होते आणि पाणी त्याहून गार होत नाही. ठाण्याच्या माझ्या पगारासारखं, हे मी मनात म्हटलं.

मुलांच्या हातात आपण जी गणितं देतो त्यांत हे कधीच नसतं. तिथे लिहिलेलंच असतं, 'परिसरात उष्णता जात नाही असे माना'. मानायला हरकत नाही, गणित सुटायला तेवढं लागतं. पण एकदा तरी न मानता करून बघायला हवं, नाहीतर उष्णतेला परिसर असतो हेच कळत नाही. माझ्या कूलरचंही तेच झालं होतं. मी परिसर धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक केलं, स्वतःहून. थर्मामीटरच्या खालच्या फुग्याला मलमलचा ओला तुकडा गुंडाळला आणि पुठ्ठ्याने वारा घातला. लाल रेघ उतरत उतरत २२ वर येऊन थांबली. कोरडा ४१, ओला २२. हवामान खात्याच्या पांढऱ्या जाळीदार पेटीत कोरड्या-ओल्या थर्मामीटरची हीच जोडी शेजारी शेजारी टांगलेली असते आणि दोन्हींतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढतात, हे मी तिला सांगितलं. फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी. "म्हणजे सुगड कितीही थांबलं तरी २२च्या खाली नाही जाणार?" नाही जाणार. कूलरही नाही. आणि म्हणूनच कूलर चालताना खिडकी उघडी लागते. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही की तीच तीच हवा भिजत राहते, ओल्या-कोरड्यातला फरक संपतो आणि कूलरचा नुसता पंखा होतो. आई गेली तीस वर्षं सगळ्यांच्या मागे लागते, खिडकी उघडी ठेवा, नाही तं कूलर काही कामाचा नाही. तिने ओल्या थर्मामीटरचं नाव ऐकलेलं नाही.

कूलरने आम्हाला धाराविद्युतमध्येही मदत केली, थोडी अडचणही केली. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वायरीवर एकापुढे एक, दोन दिवे, पहिला जास्त उजेड देईल की दुसरा? भाची म्हणाली पहिला, कारण विद्युतधारा त्याच्याकडे आधी पोचते आणि थोडी तिथे खर्च होते. हा समज एवढा सार्वत्रिक आहे की तो चुकीचा आहे यावर आपलाच विश्वास बसत नाही. दोन्ही दिवे सारखे असतील तर उजेडही सारखाच. धारा खर्च होत नाही, जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते. मी कूलरचा पंप दाखवला. टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपून परत टाकीत, पुन्हा वर. पाणी तेच, पंप फक्त फिरवतो. मी माझ्या उपमेवर खूश होते, तेवढ्यात ती म्हणाली, "पण मावशी, कूलरमध्ये रोज दोन बादल्या टाकाव्या लागतात."

खरंच की. निम्मं पाणी तर उडून जातं, तोच तर आदल्या दोन दिवसांचा धडा. उपमेचा पंप बंद पडला. शेवटी सरळ सांगितलं, वायरीतून इलेक्ट्रॉन उडून जात नाहीत, आणि आपण बिलात पैसे भरतो ते धारेचे नाही, ऊर्जेचे. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर, म्हणजे ३६ लाख ज्यूल. मग ती कूलरमागची पाटी वाचायला गेली. १९० वॅट. म्हणजे साडेपाच तासांच्या आतच एक युनिट. रात्रभर चालला की दोन युनिटं. शेजारच्यांच्या ए.सी.शी तिने तुलना मांडली आणि तो कागद ताईच्या हातात दिला. ए.सी. घ्यायचा विषय त्या घरात चालू होता, हे मला उशिरा कळलं.

दहा दिवसांत पुस्तक काही संपलं नाही. प्रकाशाला हातच लागला नाही, ध्वनी तर राहूच दे. क्लासच्या सराव परीक्षेत तिला चाळीसपैकी एकोणतीस मिळाले. ताईने मला फोनवर सांगितलं, त्यात आनंदही होता आणि किंचित विचारणाही. मी काय बोलणार? तिसऱ्या नियमाच्या प्रश्नाला भाचीने बरोबर जोड्या लिहिल्या होत्या आणि तपासणाऱ्याने त्या चूक धरल्या होत्या. "वाद घालू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, पुस्तक तळहातावर घेऊन जा.

येताना आईने फुटक्या सुगडाच्या जोडीचं एक माझ्या पिशवीत घातलं होतं. ठाण्याला पोचल्यावर पुढच्याच रविवारी भाचीचा व्हिडिओ कॉल. सुगड भिजवलंस का? भिजवलं होतं. गॅलरीत जाळीवर ठेव. थर्मामीटरला ओला फडका बांध आधी. हवा ३३ अंश, म्हणजे अकोल्याहून आठ अंश कमी, आणि मी मात्र घामाने निथळत होते. ओला थर्मामीटर २८ वर थांबला.

"फक्त पाचचा फरक?" ती पडद्यावर हसायला लागली. "आणि तू तिथे कूलर नेला होतास?"

ही गोष्ट तिला आईने सांगितली असणार.

चार तासांनी पुन्हा फोन. ३०० ग्रॅमपैकी किती उडालं? काट्यावर आठ ग्रॅम कमी. तापमान बघू नकोस, ती म्हणाली, आधी मी सांगते. २८च्या खाली नाही, पैज. मग कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. "तेवढंही नाही जाणार. पडवीशी भांडण आहेच ना. २९."

मी थर्मामीटर सुगडात घातला आणि चष्मा पुसून उजेडाकडे धरला. साडेएकोणतीस.

"अर्ध्या अंशाचे मार्क कापायचे नाहीत," पडद्यावरून आवाज आला.